धास्ती उंचीची नव्हे, गरगरण्याची

प्रश्न: माझे वय ३८ आहे आणि मला लहानपणापासून गाडी लागते. एसटीत मागच्या बाकावर बसले, तर घाट सुरू होण्याआधीच मळमळू लागते. दिवाळीच्या सुट्टीत आमचे कुटुंब आणि दीर-जाऊबाईंचे कुटुंब असे मिळून आम्ही साताऱ्याहून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जाणार आहोत. मागे एका उद्यानात सर्वांच्या आग्रहाखातर मी गरगर फिरणाऱ्या एका पाळण्यात बसले आणि उरलेला दिवस बाकावर डोके धरून काढला. तेव्हापासून पिशव्या सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मुलगा १५ वर्षांचा आहे, त्याला काहीच होत नाही. मुलगी १० वर्षांची आहे, तिला मात्र माझ्यासारखाच त्रास होतो. यजमान म्हणतात, "हे मनाचे खेळ आहेत, चार वेळा बसलीस की सवय होईल." जाऊबाईंचे म्हणणे असे की, निघतानाच सगळ्यांनी अ‍ॅव्होमिनची एकेक गोळी घ्यावी. मला अधूनमधून अर्धशिशीचा त्रासही होतो. खरे सांगायचे तर मला मोठ्या रोलर कोस्टरची भीती वाटत नाही, उलट त्यात एकदा बसावेसे वाटते. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील रोलर कोस्टरविषयीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण घरातल्या कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट तुम्ही त्यात सांगून टाकली आहे. भीती वाटणे आणि मळमळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ज्या राइडमध्ये बसून छातीत धडधडते, त्याच राइडमध्ये पोट ढवळते असे मुळीच नाही. बहुतेक कुटुंबे राइडची निवड "किती भयंकर दिसते" या एकाच निकषावर करतात. गाडी लागणाऱ्या माणसाला सर्वांत संथ आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या पाळण्यात बसवतात आणि मग त्याला तिथेच उलटी झाली की "याला एवढेही सोसत नाही" असा निष्कर्ष काढतात. तुम्ही सगळ्या राइड्स टाळण्याचे कारण नाही, तसेच गोळी घेऊन सगळ्या राइड्समध्ये बसण्याचेही कारण नाही. राइड कोणत्या प्रकारे हलते हे पाहून निवड करावी लागेल, आणि ती कशी करायची हे मी पुढे सविस्तर सांगतो.

आधी यजमानांच्या म्हणण्याविषयी. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय आहे. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचे वळणे आणि फिरणे टिपतात. शिवाय सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात, त्या वर-खाली आणि पुढे-मागे होणारी हालचाल व गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. डोळे, मानेचे स्नायू आणि तळपायही मेंदूला आपापली माहिती देत असतात. या सर्वांचे म्हणणे एकमेकांशी किंवा मेंदूच्या पूर्वानुभवाशी जुळले नाही, म्हणजे डोळे "स्थिर आहोत" म्हणतात आणि कान "वळतो आहोत" म्हणतो, की मळमळ सुरू होते. ज्यांच्या कानातील हे इंद्रिय जन्मतः किंवा आजारामुळे पूर्ण निकामी झालेले असते, त्यांना बोट लागत नाही, गाडीही लागत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८२ मध्येच नोंदवून ठेवले होते की, गरगर फिरवले तरी अनेक मूकबधिरांना घेरी येत नाही. त्रास केवळ मनाचा असता, तर त्यांनाही तो इतरांइतकाच व्हायला हवा होता. उलट बाजूचा पुरावाही आहे. कडक निवड आणि प्रशिक्षणातून गेलेल्या अंतराळवीरांपैकी निम्म्याहून अधिक जणांना अवकाशातील पहिल्या दोन-तीन दिवसांत मळमळ होते, आणि त्यांत लढाऊ विमाने चालवलेले वैमानिकही असतात. हे तुम्ही यजमानांना अवश्य वाचून दाखवा. मनाचा यात वाटा एवढाच की, आधीच धास्ती घेतली तर त्रास लवकर सुरू होतो. मूळ कारण मात्र कानातच असते.

मेंदूने अशा वेळी उलटीचाच मार्ग का निवडावा, याचे एक मजेशीर उत्तर १९७७ मध्ये मिशेल ट्रिझमन या मानसशास्त्रज्ञाने सुचवले होते. डोळे आणि कान यांचा मेळ बिघडणे हे निसर्गात बहुतेक वेळा विषबाधेचे लक्षण असते, म्हणून मेंदू पोट रिकामे करायला लावतो, असे त्यांचे म्हणणे. ही कल्पना सिद्ध झालेली नाही, तरी घाटात आपण खाल्लेले चांगले अन्न का बाहेर पडते हे समजून घ्यायला ती बरी आहे.

आता राइड्सकडे वळू. तुम्हाला मागे ज्या पाळण्याने झोपवले, तो प्रकार सर्वांत वाईट. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये कानातील द्रव सुरुवातीला मागे राहतो, थोड्या वेळाने नलिकेबरोबर फिरू लागतो आणि राइड थांबल्यावरही काही काळ फिरतच राहतो. तांब्यातले पाणी ढवळून हात काढून घेतल्यावर होते तसेच. म्हणून पाळणा थांबल्यावर आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत असे वाटते आणि पाय लटपटतात. त्याहून वाईट म्हणजे, फिरत असताना तुम्ही मान वाकवली किंवा शेजारच्याकडे वळून पाहिले, तर नलिकांच्या दोन जोड्या एकाच वेळी चाळवल्या जातात आणि कोणत्याच खऱ्या हालचालीशी न जुळणारा संदेश मेंदूकडे जातो. फिरण्याबरोबर कलणारी, झुलणारी किंवा एका चक्रात दुसरे चक्र असलेली प्रत्येक राइड या गटात धरावी. इमॅजिकातील स्क्रीम मशीनसारखा झुलता झुलता स्वतःभोवती फिरणारा लंबक तर तुम्ही आणि मुलीने खालूनच पाहावा. कप-बशीच्या राइडमध्ये मधले चाक कोणाच्या हातात आहे याकडे लक्ष द्या. तुमच्या चिरंजीवांच्या हातात असेल तर बसू नका.

दुसरा प्रकार फसवा आहे. मोठी झुलती नाव लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना सौम्य वाटते. पण माणसाला सर्वाधिक मळमळ कोणत्या लयीने होते, याचा अभ्यास झाला आहे आणि ती लय साधारणपणे पाच सेकंदांना एक हेलकावा इतकी संथ निघाली. समुद्रावरील जहाजाचा त्रास याच लयीतून येतो. लांब दांड्याची नावही एका झोक्याला जवळपास इतकाच वेळ घेते आणि तेच झोके मिनिटामागून मिनिट देत राहते. बसायचेच असेल तर नावेच्या मध्यावर बसावे, कारण टोकाला झोका सर्वांत मोठा असतो. मुलगी हट्ट करील. तिलाही मध्यावरच बसवा.

तिसरा गट पडद्यांचा. इमॅजिकातील मिस्टर इंडियाच्या राइडमध्ये आसने हलतात आणि समोर पडद्यावर वेगवान प्रवास दिसतो. आय फॉर इंडियामध्ये आपण आकाशातून देश पाहत असल्याचा भास होतो. यांत शरीर जागचे फारसे हलत नाही, पण डोळ्यांना मात्र कित्येक किलोमीटर गेल्यासारखे वाटते. गाडीत मोबाईल पाहताना होते त्याच्या नेमके उलट, आणि परिणाम मात्र तोच. अशा ठिकाणी मळमळू लागले तर डोळे मिटून घ्यावेत, कारण भांडण डोळ्यांनी सुरू केलेले असते. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र लावून दाखवले जाणारे आभासी खेळ मात्र तुम्ही सरळ टाळावेत असे माझे मत आहे.

फिरणे आणि पडदा हे दोन्ही एकत्र आले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत फ्लोरिडातील एपकॉट या डिस्नेच्या उद्यानात आहे. तेथे २००३ मध्ये अवकाशयानाचा अनुभव देणारी मिशन स्पेस नावाची राइड सुरू झाली. अंतराळवीरांच्या सरावासाठी असते तशा गरगर फिरणाऱ्या यंत्रावर प्रवाशांना बसवून समोर पडदा ठेवलेला. डोके मागे टेकवून सरळ समोर पाहा, अशी सूचना वारंवार देऊनही आसनाजवळ उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या आणि २००६ मध्ये, न फिरणारा असा त्याच राइडचा सौम्य पर्याय सुरू करावा लागला. तुमचे कोणी नातलग तिकडे असतील, तर न फिरणारी रांग निवडण्यात कसलाही कमीपणा नाही, एवढे त्यांना कळवा.

आणि आता तुमचा रोलर कोस्टर. इमॅजिकातील नायट्रो सुमारे ४० मीटर उंच आहे, तासाला १०० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो आणि प्रवाशांना पाच वेळा उलटे करतो. ऐकायला हे भीषण आहे, पण गाडी लागणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही जमेच्या बाजू आहेत. खेळ थोडक्यात आटोपतो, त्यामुळे मळमळ साचायला वेळच कमी मिळतो. तो उघड्यावर आहे, म्हणून पुढचे वळण आणि क्षितिज डोळ्यांना दिसते. त्याची गती झपाट्याने बदलत राहते, ती संथ, एकसुरी लय त्यात नाही. त्यामुळे झुलत्या नावेत हैराण होणारी कित्येक माणसे रोलर कोस्टरमधून हसत उतरतात. तुमचेही तसेच होईल याची हमी मी देणार नाही, कारण पाच वेळा उलटे होणे प्रत्येकाला मानवत नाही. तरीही तुमची इच्छा अवाजवी नाही. आधी गोल्ड रश एक्सप्रेससारख्या सौम्य गाडीत बसून पाहा. तेथून उतरल्यावर अर्धा तास ठीक गेला तर नायट्रोचा विचार करा. शक्यतो पुढच्या रांगांमध्ये बसा, डोके मागे टेकवा, डोळे उघडे ठेवा आणि रूळ जिकडे जातो तिकडे पाहा. बंदिस्त आणि अंधारी असलेली डीप स्पेस मात्र वेगळ्या जातीची आहे. अंधारात पुढचे वळण दिसत नसल्याने मेंदूला अंदाज बांधता येत नाही, म्हणून ती तुमच्या यादीत नको.

उंच मनोऱ्यावरून एकदम खाली सोडणाऱ्या राइडमध्ये पोटात खड्डा पडतो, पण तो खड्डा म्हणजे मळमळ नव्हे. सरळ रेषेतील काही सेकंदांच्या पडण्याने उलटी क्वचितच होते. भीती सोसत असेल तर ती तुम्हाला त्या गरगरत्या पाळण्यापेक्षा कितीतरी सोपी जाईल.

बहुतेकांच्या लक्षात येत नाही की, हा दिवस उद्यानाच्या दारात नव्हे तर घरातून निघतानाच सुरू होतो. मळमळ साचत जाते. साताऱ्याहून पुणे ओलांडून घाटरस्त्याने खाली खोपोलीला उतरेपर्यंत तुमचे अर्धे बळ संपलेले असेल, तर पहिल्याच राइडला उरलेले संपेल. म्हणून तुम्ही आणि मुलीने गाडीत पुढच्या बाजूला बसावे. एकच जागा असेल तर ती आळीपाळीने घ्यावी. (१० वर्षांच्या मुलीला पुढे बसवायचे तर पट्टा नीट बसतो का हे पाहावे, नाहीतर मधल्या रांगेतून समोरची काच दिसेल अशी जागा द्यावी.) नजर दूरच्या रस्त्यावर हवी, मोबाईल पूर्ण बंद हवा, आणि गाडीत सुगंधी फवारे नकोत. आपल्याकडे "रिकाम्या पोटी निघ, म्हणजे काही पडणारच नाही" असा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. रिकामे पोट अधिक ढवळते आणि तुमच्या अर्धशिशीला तर उपास हे आमंत्रणच आहे. पोहे किंवा भाकरीचा तुकडा असे हलके खाऊन निघा, वाटेतल्या फूड मॉलमधील तळलेला वडा चिरंजीवांना खाऊ द्या. पोहोचल्यावर डोके पूर्ण शांत होईपर्यंत, मग त्याला तासभर लागो, कोणत्याही राइडच्या रांगेत उभे राहू नका.

मळमळ उलटीने सुरू होत नाही. आधी जांभया येतात, बोलणे कमी होते, तोंडाला पाणी सुटते, चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम येतो. ही लक्षणे दिसली की तो दिवस तेवढ्यापुरता थांबवायचा, सावलीत बसायचे, दूरवर स्थिर वस्तूकडे पाहायचे आणि थोडे थोडे पाणी प्यायचे. मुलगी एरवी बडबडी असेल आणि अचानक गप्प झाली, तर तिला विचारत बसू नका. सरळ रांगेतून बाहेर काढा.

सवयीविषयी यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. शरीराला सवय होते, नौदलात आणि हवाई दलात ती पद्धतशीरपणे लावलीही जाते, पण ती थोड्या थोड्या मात्रेने, उलटीपर्यंत न पोहोचता, अनेक दिवसांच्या अंतराअंतराने. एकाच दिवशी चार वेळा बसवल्याने सवय होत नाही, त्रास चौपट होतो आणि पुढच्या वेळी पाळणा नुसता दिसला तरी मळमळू लागते. मुलीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. गाडी लागण्याचे प्रमाण साधारण नऊ-दहा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि पौगंडावस्थेत ते बहुतेकांमध्ये उतरू लागते. तिचा त्रास आज शिखरावर आहे. तिला आता जबरदस्ती केली नाही, तर काही वर्षांत ती आपणहून तुमच्या पुढे जाण्याची शक्यता आहे. तुमचा स्वतःचा त्रास टिकून राहिला याचे एक कारण अर्धशिशी असू शकते, कारण ती असणाऱ्यांना गाडी अधिक लागते. पाळीच्या दिवसांतही काही स्त्रियांचा त्रास वाढतो. तारीख ठरवणे तुमच्या हाती असेल तर तेही पाहा.

राहिला गोळीचा प्रश्न. अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन या औषधाचा एक प्रकार. ते गाडी लागण्यावर उपयोगी आहे यात शंका नाही, पण प्रवासाच्या तासभर तरी आधी घेतले तरच. मळमळ सुरू झाल्यावर पोटच पुढे ढकलण्याचे काम मंदावते आणि गोळीचा उपयोग कमी होतो. तिने झोप येते, तोंड कोरडे पडते, प्रतिसाद मंदावतात. म्हणून जाऊबाईंची "सगळ्यांना एकेक" ही योजना मला मान्य नाही. ज्याला गाडी लागत नाही त्याने ती घेण्याचे कारण नाही आणि गाडी चालवणाऱ्याने तर ती हातातही धरू नये. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, फिट्स, गर्भारपण यांपैकी काही असेल, किंवा झोपेची, अ‍ॅलर्जीची अथवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. दोन वर्षांखालील बाळाला प्रोमेथाझिन कधीही देऊ नये, त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. तुमच्या मुलीला द्यायचे की नाही, कोणते आणि किती, हे तिच्या डॉक्टरांनी तिचे वजन पाहून ठरवावे. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा हा हिशेब नव्हे. तुम्ही स्वतः घेणार असाल, तर सहलीच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी घरीच घेऊन पाहा, म्हणजे तुम्हाला किती झोप येते ते कळेल. सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन हे पर्यायही आहेत आणि अर्धशिशीमुळे तुमचे डॉक्टर त्यांपैकी एखादा निवडतील. घरात उलटीसाठी ठेवलेल्या ऑनडनसेट्रॉन किंवा डोमपेरिडोनच्या गोळ्या मात्र यासाठी नेऊ नका; पोट बिघडल्यावर त्या चालतात, गाडी लागण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आलेपाकाचा पुरावा संमिश्र आहे, पण तो निरुपद्रवी आहे आणि मला स्वतःला तो आवडतो, तेव्हा पर्समध्ये असू द्या. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांवर पैसे खर्च करायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी करणार नाही.

गोळी घेतल्यावर त्रास कमी वाटेल, म्हणून स्क्रीम मशीनमध्ये बसू नका. गोळी उंबरठा थोडा वर नेते, तो काढून टाकत नाही.

एका गोष्टीत तडजोड नको. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मानेचे किंवा मणक्याचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असलेल्या कोणीही वेगवान राइडमध्ये बसू नये; दारावरच्या फलकावर हे लिहिलेले असते आणि ते शोभेसाठी नसते. राइडनंतर थोडा वेळ डुलल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण असह्य डोकेदुखी, मानेत तीव्र वेदना, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ जड होणे किंवा हातापायात अशक्तपणा असे काही झाले, तर "गाडी लागली असेल" म्हणून वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. घरी परतल्यावर चार दिवसांनीही कूस बदलताना घेरी येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पिशव्यांबद्दल माझे म्हणणे असे की, उद्यानात लॉकर भाड्याने मिळतात; सकाळीच एक घ्या आणि किल्ली दीरांकडे द्या. मग तुम्ही बाकावर बसलात तर ती तुमची निवड असेल. घरातल्यांना आदल्या दिवशीच, हसत पण स्पष्टपणे सांगा, की "मी कशात बसणार आणि कशात नाही हे मी ठरवले आहे, रांगेत उभे राहिल्यावर आग्रह करू नका." मुलीच्या वतीनेही हे तुम्हीच सांगायला हवे, कारण दादासमोर ती नाही म्हणणार नाही.

परतीचा घाट चढताना रात्र झालेली असेल, अंधारात क्षितिज दिसणार नाही आणि दिवसभराचा थकवा असेल. त्यामुळे शेवटच्या दोन तासांत तुम्ही दोघींनी कोणतीही राइड घेऊ नये, जेवण घाट चढून झाल्यावर करावे, आणि गाडीत डोळे मिटून झोप लागत असेल तर खुशाल झोपावे. परतीसाठी दुसरी गोळी लागेल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण सकाळच्या गोळीचा अंमल रात्रीपर्यंत शिल्लक असू शकतो.